माफीची जमीन

जमिनींत घातलेला पैसा बुडत नाहीं, अशी मराठी कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. सोनें चोरीस जातें, व्यापार बसतो, नोकरी सुटते. जमीन मात्र जागेवर राहते. या समजुतीस दुसरी एक समजूत चिकटलेली असते. ज्या जमिनीवर सारा कमी ती जमीन अधिक फायद्याची, आणि जिच्यावर साराच नाहीं ती तर सर्वांत उत्तम, असें मानण्यांत येतें. पहिल्या समजुतींत पुष्कळ तथ्य आहे. दुसरी मात्र तपासून घेण्याजोगी आहे. आणि तिच्या तपासणीस छत्रपती संभाजीनगर, म्हणजे इतिहासांतील खडकी व औरंगाबाद, याहून सोयीचें शहर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. या शहराभोंवतालच्या जमिनीनें राष्ट्रकूट, यादव, निजामशाही, मोंगल, आसफजाही आणि अखेर लोकसत्ता असे अनेक धनी पाहिले. त्यांपैकीं जवळजवळ प्रत्येकानें कोणाला ना कोणाला सारा माफ केला. त्या माफ्यांचें पुढें काय झालें, हा इतिहास घरांत व जमिनींत पैसा घालणाऱ्या प्रत्येकास उपयोगी पडण्यासारखा आहे.

राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शके ६६३, म्हणजे इसवी सन ७४१-४२ मधील ताम्रपट वेरूळच्या नांवानें ओळखला जातो. त्यांत ब्राह्मणांस गांव दान दिल्याची नोंद आहे. अशा दानपत्रांचा सांचा बहुधा ठरलेला असे. प्रथम राजाचें नांव व बिरुदें, मग दान घेणाऱ्यांचीं गोत्रें, गांवाच्या चतुःसीमा, माफ केलेले कर, आणि सरतेशेवटीं, हें दान जो हिरावून घेईल त्यास घोर नरकवासाचें भय. कोंकणांतील गद्धेगाळीचे दगड तर हेंच भय अधिक उघड्या व ग्राम्य चित्रांनीं दाखवितात. या शापांकडे आज केवळ कौतुकानें पाहिलें जातें. परंतु शापाचा आश्रय कोण करतो, याचा विचार केला पाहिजे. ज्याच्या हातीं दुसरा उपाय नाहीं तोच शाप देतो. आपण दिलेली माफी आपल्या मागून येणारा राजा पाळीलच अशी खात्री देणाऱ्या राजालाहि नव्हती, याची ती लेखी कबुली आहे.

माफीबरोबर अटीहि येत. यादवराजा रामचंद्रदेव याचा शके ११९३, म्हणजे इसवी सन १२७१-७२ मधील पैठणचा ताम्रपट या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्यांत अग्रहार मिळालेल्या ब्राह्मणांनीं ती भूमि गहाण ठेवूं नये, तेथें जुगार चालूं देऊं नये, शस्त्रें धारण करूं नयेत, अशा तऱ्हेचे निर्बंध घातलेले आहेत. म्हणजे सारा माफ खरा, परंतु अडचणीच्या वेळीं सावकाराकडे जाऊन त्या जमिनीवर पैसा उभा करण्याची मोकळीक नाहीं. जमीन आपली आणि तरीहि पुरती आपली नाहीं, ही स्थिति तेराव्या शतकांत पैठणास होती, आणि ती पुढें किती काळ टिकली हें यथाक्रम दिसेलच.

यादवांचें राज्य लयास गेल्यावर तीन शतकांनीं खडकीचा उदय झाला. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी या खेड्याच्या जागीं नवें नगर वसविलें आणि तेथें नहरीनें पाणी आणलें. युद्धांतील गनिमी काव्याइतकाच तो धाराबंदीसाठींहि महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिला. त्यानें वसुलाचा इजारा मोडला व गांवच्या पाटलामार्फत सारा घेण्याची रीति घातली. ग्रँट डफ यानें दिलेल्या माहितीप्रमाणें आरंभीं उत्पन्नाचे दोन-पंचमांश धान्यरूपानें घेण्यांत येत. पुढें कांहीं हंगामांचा अनुभव पाहून त्याचें रोखीत रूपांतर झालें, आणि तें प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास होतें असें परंपरा सांगते. याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या व्यवस्थेंत रयतेच्या वंशपरंपरागत हक्काला, म्हणजे मिराशीला, बळकटी आली.

येथें मिरासदार आणि इनामदार हे दोघे शेजारीशेजारी उभे करून पाहिले पाहिजेत. इनामदाराची जमीन साऱ्यापासून मुक्त; मिरासदार मात्र पुरा सारा भरणारा. गांवांतील उपरी कुळापेक्षांहि मिरासदारावरील आकार पुष्कळ ठिकाणीं जड असे. वरवर पाहतां इनामदार भाग्यवान व मिरासदार भारवाहक. परंतु मिरासदाराला आपली जमीन विकतां येई, गहाण ठेवतां येई, मुलाबाळांत वांटतां येई. दुष्काळांत तो परागंदा झाला तरी मागें येऊन देणें चुकतें केल्यास त्याचा हक्क गांव मान्य करी. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत मिरासदारांच्या या दृढ हक्काचें वर्णन केलें आहे. हा हक्क इतका दृढ कां झाला? राज्य कोणाचेंहि येवो, सारा भरणारा मनुष्य सर्वांनाच हवा असतो. त्याला हुसकावून लावण्यांत कोणत्याहि सरकारचा लाभ नव्हता. उलट इनामदाराला काढून टाकिलें कीं त्याच्या जमिनीचें सारें उत्पन्न खजिन्यांत येई. एकाचें संरक्षण राजाच्या स्वार्थांत होतें, दुसऱ्याचें केवळ राजाच्या मर्जींत.

मिरासदाराला धोका नव्हता असें मात्र नाहीं. त्याचा धोका आकाशांतून येई. १६३० ते १६३२ या काळच्या भीषण दुष्काळानें दख्खनमधील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. ठरलेला रोख सारा आणि कोरडें शेत यांच्या कात्रींत सांपडलेल्या कुणब्यास मिराशीचा कागद भाकरी देऊं शकत नव्हता. शहरांत घर बांधणाऱ्यासहि निराळा धोका होताच. खडकी वसून पुरतीं दहा वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, १६१६ मध्यें मोंगली फौजांनीं ती उध्वस्त केली, आणि १६२१ मध्यें पुन्हां तोच प्रसंग ओढवला. नव्या राजधानींत भराभर वाडे उभारणाऱ्यांस जागेची किंमत आणि जागेची सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी असल्याचें त्या वेळीं कळून आलें असेल.

मोंगलांची सत्ता स्थिर झाल्यावर औरंगजेब १६५३ च्या सुमारास दुसऱ्यांदा सुभेदार म्हणून येथें आला व शहर औरंगाबाद झालें. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान यानें दुष्काळानें व युद्धांनीं उजाड झालेला मुलूख पुन्हां लागवडीस आणण्यासाठीं जी पद्धति घातली तींत एक मोठें मर्म आहे. केवळ पावसावर येणाऱ्या पिकाचा निम्मा वांटा सरकार घेई. परंतु विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या धान्याचा तिसरा हिस्साच घेण्यांत येई. ज्यानें पदरचा पैसा घालून विहीर खणली, मोट बांधली, बैल राखले, त्याचा भार हलका केला. बैल व बियाणें घेण्यास तगाईहि देण्यांत आली. ही सवलत कोणाच्या कुळाकडे किंवा दरबारांतील वजनाकडे पाहून दिलेली नव्हती. जमिनींत खरोखर भांडवल घालणाऱ्यास ती मिळे, आणि पीक वाढल्यानें सरकारासहि तिचा लाभ होई. दोन्ही पक्षांना ज्या सवलतींत हित असतें तीच सवलत टिकण्याचा संभव अधिक, हें त्या दिवाणानें ओळखलें होतें.

याच काळांत शहराभोंवतीं अमीर-उमरावांच्या नांवांचे पुरे वसले. जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा हीं नांवें आजहि लोकांच्या तोंडीं आहेत. परंतु मोंगल सरदाराची मालमत्ता ही मोठी अस्थिर वस्तु होती. तो मृत्यु पावला कीं सरकारी देण्याचा हिशेब पुरा होईपर्यंत त्याच्या वाड्यांस व चीजवस्तूंस जप्तीची मोहर लागे. जहागीर तर हयातींतहि बदलत असे. याला एक अपवाद नमूद करण्यासारखा आहे. बिकानेरच्या राजा करणसिंगाच्या व त्याच्या पुत्रांच्या नांवाचे पुरे विसाव्या शतकापर्यंत बिकानेर दरबारकडे राहिले. १९०४ मध्यें ते ब्रिटिश सरकारास देऊन बिकानेरनें त्यांच्या बदल्यांत पंजाबच्या हिसार जिल्ह्यांतील दोन गांवें व कांहीं रोख रक्कम घेतली. सव्वादोन शतकांहून अधिक काळ टिकलेली ही मालकी कागदाच्या बळावर टिकली नाहीं. तिच्या पाठीशीं एक सबंध संस्थान उभें होतें. सामान्य इनामदारापाशीं असें संस्थान कोठून असणार?

पुढें मराठ्यांना चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि या मुलुखांत दोन अंमल एकाच वेळीं चालूं लागले. एका सरकारनें इनाम दिलें तरी दुसऱ्या सरकारचा वांटा सुटत नसे. म्हणून धोरणी इनामदार दोन्हींकडून सनद करून घेई, व अशा इनामास दुतर्फा इनाम म्हणत. सनदेंत अंमलदारांना बहुधा अशी ताकीद असे कीं दरवर्षीं नव्या पत्राची मागणी करूं नये. ताकीद देण्याची गरज पडते त्याच गोष्टीची जीत सवय लागलेली असते! गादीवर नवा पुरुष आला कीं जुन्या सनदा दाखवून नव्या करून घ्याव्या लागत, व त्यासाठीं नजर पडे. सारा माफ होता, पण माफी जिवंत ठेवण्याचा खर्च माफ नव्हता. राज्यकर्त्यांनाहि या दानांचा भार जाणवत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सेवकांस नव्यानें जमिनी तोडून देऊं नयेत, असा राजास उपदेश आहे तो यासाठींच.

१७६३ मध्यें निजाम अलीखानानें राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस हलविली. या एका निर्णयानें शहरांतील घरांच्या किमतींचें जें झालें तें कोणत्याहि सनदेनें आवरलें नसतें. दरबाराबरोबर उमराव गेले, उमरावांबरोबर कारागीर व सावकार गेले, आणि मागें राहिल्या रिकाम्या हवेल्या. १९०१ च्या खानेसुमारींत शहर व छावणी मिळून वस्ती सुमारें ३७,००० भरली. औरंगजेबाच्या काळांतील गजबजलेल्या नगराच्या मानानें ही केवळ सावली होती. घरावर कर किती आहे यापेक्षां घराभोंवतीं उद्योग किती आहे यावर घराची किंमत ठरते, हा धडा येथें एका शहरानें शे-दीडशें वर्षें गिरविला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दिवाण चंदूलालच्या कारकीर्दींत जमिनीचा पैसा निराळ्याच वाटेनें वाहूं लागला. मलिक अंबरनें मोडलेला इजारा पुन्हां जोरांत होता. रोख रक्कम आगाऊ द्यावी आणि परगण्याचा वसूल आपल्या हिंमतीवर करावा, असा तो सौदा. पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीनें निजाम सरकारास मोठीं कर्जें दिलीं व तारण म्हणून वऱ्हाड आणि औरंगाबाद भागांतील महालांचा वसूल हातीं घेतला. औरंगाबादच्या टांकसाळींत त्यांच्या नांवाचे पेस्तनशाही रुपये पडूं लागले, इतकें त्यांचें वैभव होतें. परंतु १८४० नंतरच्या दशकांत सरकारनें तो वसूल काढून घेतला, कर्जाची फेड झाली नाहीं, आणि ती पेढी बुडाली. अशा रीतीनें त्या काळीं जमिनीच्या उत्पन्नांत पैसा घालण्याच्या तीन पायऱ्या दिसतात. मिराशींत नफा बेताचा व धोका पावसाचा. इनामांत नफा अधिक व धोका दरबाराचा. इजाऱ्यांत नफा सर्वांत मोठा, आणि धोकाहि तितकाच मोठा. कारण तेथें तारण देणारा, कायदा करणारा व न्याय देणारा एकच होता.

पेशवाईच्या मुलुखांत इंग्रजी अंमल आल्यावर १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, व पिढीजाद इनामदारांस आपआपल्या सनदा पेटींतून काढून दाखवाव्या लागल्या. ज्यांचे कागद वाळवीनें खाल्ले होते त्यांचीं इनामें धोक्यांत आलीं. या चौकशीनें उठलेल्या असंतोषानंतर १८६३ मध्यें सरकारनें तडजोडीचा कायदा केला. इनामदारानें दरसाल कांहीं ठराविक रक्कम द्यावी, आणि सरकारनें पुन्हां चौकशी न करतां जमीन कायम करावी, असें त्याचें स्वरूप होतें. पुष्कळ इनामदारांनीं हा मार्ग पत्करला. ज्यांच्या पूर्वजांनीं पूर्ण माफीचा अभिमान धरला होता त्यांनींच थोडा कर देऊन निश्चिंतता विकत घेतली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हैदराबाद संस्थानांत पहिल्या सालारजंगानें १८५३ नंतर इजारा मोडला, १८६५ मध्यें जिल्हाबंदी केली, आणि पुढें जमिनींची पाहणी व मोजणी झाली. तरीहि संस्थानचा सुमारें ६० टक्के मुलूखच सरळ दिवाणी अंमलाखालीं होता. बाकीच्यांत जहागिरी व खुद्द निजामाची सर्फेखास होती. इनामांचे प्रकारहि अनेक. निर्वाहासाठीं दिलेली ती मदतमाश. मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठीं दिलेली ती खिदमतमाश. अतियात खात्यानें चौकशी करून जो अखेरचा निर्णय लिहिला त्यास मुंतखब म्हणत. मराठवाड्यांतील जुन्या घरांतून हा फारसी-उर्दू कागद आजहि जपून ठेवलेला आढळतो.

सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर हैदराबाद भारतांत सामील झालें आणि माफीचा हा सारा डोलारा थोड्या वर्षांत उतरविण्यांत आला. ऑगस्ट १९४९ मध्यें जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्यें कुळकायदा आला. १९५४ च्या कायद्यानें इनामें व रोख अनुदानें रद्द करण्यांत आलीं. धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इनामांचा प्रश्न निराळा ठेवला. बाकीच्या जमिनी सारापात्र झाल्या, आणि ठराविक रक्कम भरून कसणाऱ्यास कब्जाहक्क मिळण्याची सोय झाली. परंतु अशा पुष्कळ जमिनींवर परवानगीवांचून हस्तांतर करूं नये असा निर्बंध राहिला. सातबाऱ्याच्या भाषेंत ती भोगवटादार वर्ग दोनची जमीन. पैठणच्या ताम्रपटांतील अट सात शतकांनीं सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उतरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा निर्बंध कांहीं काळ कोणास फारसा जाणवला नाहीं. परंतु चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत झाली, १९७० नंतर सिडकोनें नवें शहर वसविण्यास घेतलें, वाळूजला कारखाने आले, आणि शहराच्या कडेचीं शेतें भूखंड होऊं लागलीं. मग इनामी जमिनीचे तुकडे मुद्रांकावरील करारानें हातोहात विकले गेले. अकृषिक परवाना नाहीं, आराखडा नाहीं, नोंद नाहीं. म्हणूनच भाव कमी. कामगारांनीं, शिक्षकांनीं, कारकुनांनीं आयुष्याची पुंजी घालून त्यांवर घरें बांधलीं. सरकारला न दिलेलें शुल्क हा आपला फायदा असें खरेदी करणाऱ्यास वाटलें. वस्तुतः तें शुल्क त्याच्या घरावर न लिहिलेलें कर्ज म्हणून चढलें होतें. गुंठेवारीच्या वस्त्या नियमित करण्यासाठीं २००१ मध्यें कायदा करावा लागला, व २०२१ मध्यें त्याची मुदत वाढवावी लागली. मदतमाश जमिनींसाठीं नजराण्याचें प्रमाण बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ मध्यें घेतला. १८६३ च्या तडजोडीचेंच हें नवें रूप: कांहीं रक्कम भरा आणि निश्चिंत व्हा.

आजच्या घरमालकाची माफी ताम्रपटावर नसून प्राप्तिकराच्या कायद्यांत असते. सनदेचें रूप बदललें, तरी स्वभाव तोच आहे. स्वतः राहण्याच्या घरासाठीं काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळे. तिच्या हिशेबावर लक्षावधि कुटुंबांनीं वीस-वीस वर्षांचीं कर्जें काढलीं. २०२३ च्या अर्थसंकल्पानें नवी करपद्धति हीच मूळ पद्धति ठरविली, आणि तींत ही वजावट नव्हती. २३ जुलै २०२४ रोजीं घर किंवा जमीन विकतांना खरेदीच्या किमतींत महागाईप्रमाणें वाढ धरण्याची सवलत काढून कराचा दर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्के करण्यांत आला. त्यावर ओरड झाल्यानें, त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या मालमत्तेबाबत निवासी व्यक्तींस व हिंदु एकत्र कुटुंबांस जुन्या व नव्या हिशेबांपैकीं हलका तो निवडण्याची मुभा राहिली. नव्या राजानें जुन्या सनदा कायम कराव्या आणि नव्या मात्र बंद कराव्या, तसाच हा प्रकार.

याचा अर्थ सवलत घेऊं नये असा नाहीं. मुर्शिद कुलीखानाच्या वेळीं विहीर खणणाऱ्यानें सवलत घेतली व तींत त्याचें आणि राज्याचेंहि भलें झालें. परंतु सवलत गेली तरी विहिरीचें पाणी त्याच्यापाशीं राहिलें असतें. म्हणून त्याचा व्यवहार शहाणपणाचा होता. घर किंवा भूखंड घेतांनाहि हीच कसोटी लावली पाहिजे. करांतील सूट हिशेबांतून पूर्ण वजा केल्यावरहि जो व्यवहार उभा राहतो तो पक्का. सूट काढतांच जो कोसळतो तो व्यवहार सनदेवर बांधलेला वाडा होय. जमीन कोणत्या वर्गाची, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय लिहिलें आहे, मूळ इनाम कोणतें, फेरफार कसे झाले, हें पाहण्यास लागणारे चार दिवस कोणत्याहि कर-वजावटीपेक्षां अधिक मोलाचे ठरतात.

मलिक अंबरच्या नगरांत आज त्याचे इनामदार सांपडत नाहींत. मोंगली उमरावांचीं नांवें पुऱ्यांना उरलीं, पण पुरे त्यांच्या वंशजांचे राहिले नाहींत. आसपासच्या खेड्यांतून मात्र पिढ्यान्‌पिढ्या सारा भरणाऱ्या कुणब्यांचीं घराणीं त्याच शिवारांत अजून नांगर धरीत आहेत. त्यांच्यापाशीं शापवचनें कोरलेला ताम्रपट कधींच नव्हता. दरसालची सारा भरल्याची पावती हीच त्यांची सनद होती.